पाहुण्यांस काय दाखवावे?

पाहुणा हा देव मानावा, असे आपल्याकडे सांगितले जाते. परंतु देवाला देवघरात बसवून आपल्या कामाला लागता येते. पाहुण्याचे तसे नाही. त्याचा चहा झाला, जेवण झाले, वामकुक्षी झाली, की तो ओसरीवर येऊन उभा राहतो आणि विचारतो, “बरे, तुमच्या इकडे पाहण्यासारखे काय आहे?” पुणे-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न कोणी केला तर त्याच्यापाशी उत्तर तयार असते. दापोऱ्यासारख्या गावी राहणाऱ्या आमच्यासारख्याला मात्र क्षणभर थांबावे लागते. सांगण्यासारखे नाही म्हणून नव्हे. इतके आहे की प्रारंभ कोठून करावा हे सुचत नाही म्हणून.

आमचा जिल्हा बऱ्हाणपूर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला, आणि २००३ साली खंडव्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि बाजाराची दोहोंच्या मधली. खानदेशाची शीव इतकी जवळ की पाहुण्यांना आपण राज्य ओलांडले हे पाटीवरची अक्षरे वाचूनच कळते. इंदूर-उज्जैनकडची आपली मंडळी दक्षिणेकडे जाताना आणि भुसावळ-जळगावकडची उत्तरेकडे जाताना बऱ्हाणपूर स्थानक खिडकीतून पाहतात. स्थानक लालबागेत, शहरापासून दूर. त्यामुळे खिडकीतून जे दिसते ते बऱ्हाणपूर नव्हेच. कित्येकांच्या बाबतीत ही ओळख जन्मभर तेवढीच राहते.

पण बाहेरच्यांना तरी दोष का द्यावा? काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाला तोच प्रश्न केला. मुलगा चुणचुणीत. त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “इकडं काही नाही जी. केळी आहेत.” गृहस्थ मनमोकळे हसले. आम्हांला हसू आले नाही. त्या मुलाला रहीमचे दोहे पाठ होते, पाण्यावरचा सुप्रसिद्ध दोहा तर त्याने शाळेच्या समारंभात म्हणून दाखवला होता. तो दोहा रचणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत जमिनीखालून आणलेले पाणी आपल्याच जिल्ह्यात आजही वाहते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पुस्तकात दोहा हिंदीच्या धड्यात, मोगल इतिहासाच्या धड्यात, आणि कुंडी भंडारा कोणत्याच धड्यात नाही.

याच सुमारास इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या एका पुतण्याने त्याच्या गावाची माहितीपुस्तिका आम्हांला पाठवली. गावाचे नाव श्रूजबरी. सेव्हर्न नदीने त्या गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घातला आहे. नदीत नौकाविहार, काठाला उद्यान, लाल दगडाचा किल्ला, जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या, आणि थकलेल्या माणसाने चहा कोठे घ्यावा, येथपर्यंत सारे त्या पुस्तिकेत दिलेले. चार्ल्स डार्विन हा १८०९ साली त्या गावी जन्मला. तो ज्या शाळेत शिकला त्या इमारतीत आता ग्रंथालय आहे आणि दारासमोर डार्विनचा पुतळा खुर्चीत बसलेला आहे. शाळेला जाणारे तिथले पोरसुद्धा हा कोण ते सांगेल. आम्ही ती पुस्तिका दोनदा वाचली. हेवा वाटला तो किल्ल्याचा किंवा नौकांचा नव्हे. गावाने स्वतःला इतक्या निःसंकोचपणे दाखवावे, याचा. तेव्हापासून आम्ही पाहुण्यांसाठी मनातल्या मनात आमचीही एक पुस्तिका रचून ठेवली आहे. तीच येथे थोडीफार उतरवीत आहोत.

आमचा पहिला दंडक असा की पाहुण्याने पहाटे उठावे आणि प्रथम तापी पाहावी. राजघाटावर उजाडताना उभे राहिले म्हणजे एका बाजूस शाही किल्ल्याची भिंत नदीतून सरळ वर चढलेली दिसते. समोर पात्रात दगडाचा हत्ती बसलेला असतो आणि पलीकडच्या तीरावर झैनाबाद. इ. स. १४०० च्या सुमारास नासिर खान फारूकी याने ही दोन गावे वसवली आणि दोन सूफी संतांची नावे त्यांना दिली; अलीकडच्याला बुऱ्हाणुद्दीनचे, पलीकडच्याला झैनुद्दीनचे. हे दोघेही निजले आहेत खुलताबादेस. वेरूळ पाहायला जाणारी आपली मंडळी त्यांच्या दर्ग्यांवरून जातात. औरंगजेबाची कबर याच झैनुद्दीनच्या दर्ग्यात आहे. एका नदीच्या दोन काठांची नावे दूर घाटमाथ्यावर शेजारी शेजारी विसावलेली आहेत, हे सांगितले म्हणजे पाहुण्याच्या मनात नकाशा जुळू लागतो.

राल्फ फिच नावाचा इंग्रज प्रवासी अकबराच्या काळात येथून गेला. त्याने मातीची, शाकारलेली घरे पाहिली, कापसाच्या वस्त्रांचा मोठा व्यापार पाहिला, आणि पावसाळ्यात रस्त्यांवर इतके पाणी असते की घोड्यावाचून जाता येत नाही, असे लिहून ठेवले. कापडाचा धंदा आजही आहे. गल्लीगल्लीतून यंत्रमागांची खडखड ऐकू येते. पावसाळी रस्त्यांविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. घोडे तेवढे कमी झाले आहेत.

तेथून जामा मशिदीकडे. फारूकी राजा आदिलशाह ऊर्फ राजा अली खान याने ती बांधवली. मिनार दोन, पण वर घुमट नाही. कमानींच्या रांगांवरच छत तोलले आहे. पाहुणे प्रथम मिनार पाहतात. आम्ही त्यांना आत नेतो आणि भिंतीवरचा लेख दाखवतो. अरबी लेखाबरोबर तेथे देवनागरी लिपीतला संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारूकी राजांची वंशावळ आहे, आणि मशिदीच्या उभारणीचा काळ विक्रम संवत व शालिवाहन शक असा दोन्ही गणनांनी, मास, पक्ष, तिथीसह दिला आहे. काळ इ. स. १५९० च्या आसपासचा. मशिदीत पंचांग पाहून आमचे एक साडू, जे स्वतः पंचांगावाचून घराबाहेर पाऊल टाकीत नाहीत, ते बराच वेळ निःशब्द उभे होते. राजाने हे का केले असेल, असे त्यांनी बाहेर आल्यावर विचारले. आम्ही म्हटले, “भाऊसाहेब, त्याच्या रयतेला वाचता यावे म्हणून.” याहून वेगळे कारण असेल तर ते इतिहासकारांनी सांगावे, शिक्षकाला हेच पटते.

आता कुंडी भंडारा. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, वाचकांनी क्षमा करावी.

अब्दुल रहीम खानखानान हा मोगलांचा दक्षिणेचा सेनापती. बऱ्हाणपूर ही त्याची राजधानीच म्हणावी. फौजा, दरबार, व्यापारी यांनी शहर फुगले आणि पिण्याच्या पाण्याची ददात पडली. तापी तर पायाशी. पण ती खोल, आणि शत्रूने नदीत विष कालवले तर काय, ही धास्ती वेगळी. तेव्हा १६१५ साली तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली सातपुड्याकडून शहराकडे भूमिगत पाणी आणण्याची योजना झाली. डोंगरात मुरलेले पाणी उताराच्या दिशेने जमिनीखालून सरकत असते. त्या पाण्याला आडवे बोगदे खणून, अगदी अल्प उतार देऊन, ते शहरापर्यंत आणले. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या: खोदलेली माती वर काढण्यासाठी, हवा खेळण्यासाठी, पुढे गाळ उपसण्यासाठी. अशा शंभरांहून अधिक कुंड्या रांगेने शेतांतून उभ्या आहेत. ना मोट, ना रहाट, ना पंप, केवळ उतार. वाटेतल्या भंडाऱ्यांचे पाणी जाळी करंज नावाच्या हौदात जमून तेथून नगरात जाई.

उदवाहक चालू असले तर पाहुण्यांनी अवश्य खाली उतरावे. सुमारे ऐंशी फूट खाली गेले की मे महिन्यातला दाह वर राहतो आणि अंगावर गार शहारा येतो. बोगद्याच्या भिंतींवर चारशे वर्षांच्या पाण्यातला चुना साठून पांढरे थर चढलेले आहेत. पायांखाली नितळ पाणी वाहत असते, आणि वर पाहिले तर कुंडीच्या तोंडाएवढे आभाळ. याला ‘खूनी भंडारा’ असेही म्हणतात. पाण्यातल्या तांबूस झाकेवरून ते नाव पडले असे कोणी म्हणतात, कुंडीचाच तो अपभ्रंश असे दुसरे. पाहुण्यांची मुले पहिल्या अर्थाने भ्यायला फार उत्सुक असतात. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले.

मराठी पाहुण्यांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. खानखानानाचा दक्षिणेतला कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे निजामशाहीचा मलिक अंबर. दोघे वर्षानुवर्षे लढले. आणि त्याच दशकात मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, डोंगरातले पाणी जमिनीखालूनच आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. रणांगणावर ज्यांचे कधी जुळले नाही त्यांचे पाण्याच्या बाबतीत मात्र एकमत होते. दोघांच्या लढायांचे निकाल आज कोणाच्या लक्षात नाहीत.

आमच्या मनात खाली उतरल्यावर दरवेळी एक विचार येतो, तोही लिहून टाकतो. आमच्या भागात कूपनलिका वर्षागणिक खोल जात आहेत. पाचशे फूट, सातशे फूट हे आकडे आता पारावर सहज बोलले जातात. वरून आपण असे उपसत राहिलो तर डोंगराच्या कुशीतून चालत येणारी ही धार किती दिवस येईल? पाहुण्याला ही धार दाखवताना आम्ही बोटाने खूण करून पाण्याची जुनी रेघ दाखवतो. भिंतीवरची ती रेघ आजच्या पाण्याहून बरीच वर आहे.

मुमताजमहलविषयी पाहुण्यांना आम्ही सांगावे लागत नाही. तेच आम्हांला सांगतात. ती १६३१ च्या जूनमध्ये येथेच चौदाव्या अपत्याच्या वेळी वारली, तापीपलीकडे झैनाबादेत आहूखान्याच्या बागेत तिला सहा महिने ठेवले, आणि डिसेंबरात देह आग्र्यास नेला. किल्ल्यातला हमामखाना आणि त्याच्या छतावरचे रंगकाम पाहून झाले की पाहुण्यांना आहूखाना पाहायचा असतो. आम्ही नेतो. पण तेथे उभे राहिल्यावर हेही सांगतो की त्याच वर्षी गुजरात-दक्षिणेत घोर दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीच्या कामासाठी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे गेला. वाटेतल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. बादशाहाने येथे अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम केला, असे त्याचाच इतिहासकार नोंदवतो. एका राणीची समाधी जगाने पाहिली. त्या दुष्काळातल्या माणसांची जागा दाखवा असे अद्याप एकाही पाहुण्याने म्हटलेले नाही, आणि म्हटले तरी कोणती दाखवणार? ती जागा म्हणजे हा सगळाच मुलूख.

मराठी माणसाने न चुकवण्याचे ठिकाण वेगळेच आहे. तापी आणि मोहना यांच्या संगमावर राजाची छत्री आहे. राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. ज्यांनी १६६५ साली पुरंदरचा तह घडवला आणि शिवाजी महाराजांना आग्र्यास पाठवले. महाराज आग्र्याहून निसटले, आणि मिर्झाराजांची पत बादशाहाच्या दरबारी ढासळली. दक्षिणेतून परत बोलावले असता वाटेत बऱ्हाणपुरासच १६६७ च्या ऑगस्टात त्यांचा अंत झाला. खांबांवर तोललेली ती छत्री, खाली दोन नद्यांचा संथ मेळ, आणि माणूस सहसा नाही. चिवडा-लाडवाचा डबा उघडण्याचे हे उत्तम स्थान, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, आणि आमचेही. तेथे बसूनच पाहुण्यांच्या मुलांना आम्ही सांगतो की संभाजी महाराजांच्या फौजेने राज्याभिषेकानंतर लगेच, १६८१ च्या जानेवारीअखेर, याच शहराच्या बाहेरचे श्रीमंत पुरे लुटले. आणि १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांकडे आले. मग मुले जरा सरसावून बसतात.

बाकीच्या स्थळांविषयी थोडक्यात. शाहनवाज खान हा खानखानानाचा मुलगा. त्याच्या थडग्याला लोक काळा ताजमहाल म्हणतात. तुलना करू नये. ते आपल्या जागी सुंदर आहे. दर्गा-ए-हकीमी हे दाऊदी बोहऱ्यांचे श्रद्धास्थान. तेथली बाग, संगमरवर आणि शांतता पाहून समाजाने मनावर घेतले म्हणजे वास्तू कशी राखता येते ते कळते. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडकडे जाताना येथे राहिले; त्यांच्या स्मरणाचा बडी संगत गुरुद्वारा आहे. इच्छापूरच्या देवीला टेकडी चढून जावे. वरून दोन्ही राज्यांतली शेते एकसारखीच हिरवी दिसतात. नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केला. सलई आणि बांबूचा तेथे कागद होत असे, आणि शाळांच्या सहली तो पाहायला जात. २०१६ साली नूतनीकरणासाठी थांबलेले काम २०२२ साली पुन्हा सुरू झाले.

अशीरगडास वेगळा दिवस राखावा. शहराच्या उत्तरेस पाच-सहा कोसांवर सातपुड्याच्या खिंडीवर तो उभा आहे. अकबराला दक्षिणेचे हे दार उघडायला १६०१ चा जानेवारी उजाडला. इंग्रजांनी १८०३ आणि १८१९ असे दोनदा घेतले. वरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे पूजा करून जातो, अशी श्रद्धा आहे. आम्ही आजवर पुष्कळदा गेलो, भेट झाली नाही. शाळेच्या वेळामुळे आमचेच पहाटे जाणे होत नाही.

आणि केळी. त्या मुलाचे उत्तर अपुरे होते, पण खोटे नव्हते. पाहुण्यांना आम्ही बागेत नेतोच. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. घड कापणीस येईतो वर्षाचा काळ जातो. बागेच्या आत वाऱ्याला आणि उन्हाला प्रवेश नाही; हिरव्या पाण्यात उतरल्यासारखे वाटते. ज्याला आपण खोड म्हणतो ते लाकूड नव्हेच, पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी. त्यात पाणीच पाणी.

एका मे महिन्यात पुण्याहून आमची पुतणी व जावई आले होते. दुसऱ्या दिवशी बाग दाखवायची ठरली होती आणि आदल्या सायंकाळी वादळ झाले. वाऱ्याचा जोर पाव तासाचा. पण सकाळी आम्ही गेलो तेव्हा आमच्या एका माजी विद्यार्थ्याची अख्खी बाग एका दिशेने आडवी झालेली होती. घड अजून कोवळे होते, महिनाभराने कापायचे. जावईबापूंनी सवयीने भ्रमणध्वनी काढला, दोन पावले पुढे गेले, आणि मग तो तसाच खिशात ठेवला. कोणी काही बोलेना. तो तरुण बांधावर बसला होता. आम्हांला पाहून उठला, पुतणीच्या पाया पडला, आणि बायकोला हाक मारून घरात पिकत घातलेल्या केळ्यांच्या दोन फण्या आणवल्या. पुतणी म्हणाली, “अहो दादा, आज कशाला?” तो म्हणाला, “ताई, बाग पाहायला आला होतात ना? बाग तर अशी. निदान चव तरी घेऊन जा.” पंचनाम्यासाठी माणूस केव्हा येईल, हे त्याने नंतर आम्हांला बाजूला घेऊन विचारले. त्याचा अर्ज आम्ही ओसरीवर बसून लिहिला. जावईबापूंनी गट क्रमांक आणि खोडांची संख्या सांगितली. ती त्यांनी बांधाबांधाने फिरून स्वतः मोजली होती. बऱ्हाणपूर पाहायचे त्या दिवशी राहून गेले.

त्यानंतर ते दोनदा आले. दोन्ही वेळा स्टेशनावरून थेट बागेकडे. पिलांवर धरलेली नवी बाग उभी होती.

आमच्या शाळेपुरते सांगावयाचे तर आठवीचा वर्ग आता दरवर्षी थंडीत कुंडी भंडाऱ्यास जातो. भाड्याची बस, भाकरी ज्याची त्याने आणायची, आणि रहीमचा दोहा वर न म्हणता खाली बोगद्यात म्हणायचा, हा नियम. गेल्या खेपेस आमच्याकडे इंदूरचे पाहुणे होते, त्यांनाही त्याच बसमध्ये घातले. एका मुलीने त्यांना कुंड्यांचा उद्देश समजावून दिला. उतार किती असावा हे मात्र तिला सांगता आले नाही, आणि ते आम्हांलाही विचारून घ्यावे लागणार आहे.

खाण्याविषयी न लिहिल्यास घरून बोल लागेल. बऱ्हाणपुरात मोठ्या रुमालाएवढे मांडे मिळतात, उलट्या कढईवर भाजलेले. दराबा नावाचे रवा-साखर-तुपाचे हलके मिष्टान्न आहे. माव्याची जिलबी काळसर, जाड, आतून मऊ. मुंबईत बऱ्हाणपुरी जिलबी म्हणून विकतात ती हीच, पण येथे गरम खावी. जेवायला मात्र दापोऱ्यास यावे: वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, आणि थंडी असेल तर वरण-बट्टी. पावसाळा सरल्यावर, दसरा ते माघ हा काळ उत्तम. चालण्याच्या वहाणा आणाव्यात. दोन दिवसांत सारे होत नाही. चार दिवस काढून यावे, आणि कोणत्या गाडीने येणार ते आधी कळवावे, म्हणजे लालबागेस कोणाला तरी पाठवता येईल.